संध्याकाळी सहा ते आठ

जूनपासून सोलापूरच्या पूर्व भागातलं आपलं पोरांचं केंद्र तू बघणार, हे ऐकून फार बरं वाटलं. तू वेळापत्रक मागितलं होतंस. ते पाठवत नाही, कारण वेळापत्रक सगळ्यात शेवटी करायचं असतं. त्याआधी काय बघायचं, काय धरून ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, ते लिहिते. यातलं सगळं माझं नाही. मी शाळेत असताना आमच्या पेठेत राष्ट्र सेवा दलाची शाखा भरायची. मैदान, खेळ, गाणी आणि मग थोडी चर्चा. तिथल्या शाखानायकांना जे करताना पाहिलं ते अंगवळणी पडलं. काही गोष्टी विडी कामगार बायकांनी शिकवल्या. बाकीच्या पोरांनी.

लहान मुलांना आई आणून सोडते आणि घ्यायला येते. सहावी ते दहावीच्या पोरांना आणून सोडणारं कोणी नसतं. ती स्वतःच्या पायानं येतात, आणि मन लागलं नाही तर एक अक्षर न बोलता यायची बंद होतात. तक्रार करत नाहीत, भांडत नाहीत, फक्त दिसेनाशी होतात. तेव्हा या वयासाठी काही उभं करायचं तर एकच प्रश्न सतत डोक्यात ठेव: आज हा पोरगा आला नाही तर इथं कुणाचं काही अडेल का? अडत असेल तर तो येतो. मी पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीसाठी.

पण सुरुवात वस्तीपासून कर. पहिला महिनाभर काहीही ठरवू नकोस. एक वही घे आणि वस्ती कशी चालते ते लिही. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी येईल ते गल्लीला पाठ असतं. ज्या संध्याकाळी पाणी येणार त्या संध्याकाळी त्या गल्लीतली आठवीतली मुलगी येणार नाही. घागरी, बॅरल, कळशा तिलाच भरायच्या असतात. तिला दुसऱ्या दिवशी 'काल का नाही आलीस' असं विचारायचं नाही. पाण्याचा दिवस आपल्याला ठाऊक असायला हवा आणि महत्त्वाची बैठक त्या दिवशी ठेवायची नाही. यंत्रमागाच्या पाळ्या कधी बदलतात, विडीच्या ब्रँचमध्ये माल द्यायला आई कधी जाते, शिकवणीचे वर्ग कुठल्या वेळी असतात, अरबी शिकायला पोरं कधी जातात, आठवडी बाजार कुठला, हे सगळं लिही. वही भरली की संध्याकाळचे कोणते दोन तास खरोखर मोकळे आहेत ते आपोआप दिसतं.

वर्षाचंही तसंच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात दुसरं काही चालत नाही. नवरात्रात मुली बतुकम्मा खेळायला जातात. रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळी मुस्लीम पोरं घरी असायला हवीत, आणि तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे कॅलेंडर बघूनच ठरवायचं. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, मग गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे आणि दुकानं. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा सराव. या दिवसांत केंद्र ओस पडतं म्हणून हळहळू नकोस. सणाशी स्पर्धा करायचीच नाही, सणात शिरायचं. रथाच्या वाटेवर पाणपोई लावायची. जार कोण आणणार, पेले कोण विसळणार, कचरा कोण उचलणार, हे पोरं ठरवतील. वर्षभरात ज्याचं तोंड उघडलं नाही असा पोरगा त्या दिवशी शंभर अनोळखी माणसांशी बोलतो.

खाण्याचं आधी बघ. शाळेतलं पोषण आहार योजनेचं जेवण आठवीपर्यंतच असतं. नववी-दहावीची पोरं सकाळी जे खाऊन निघतात त्यावरच संध्याकाळपर्यंत असतात, आणि नेमकं हेच वय सारखी भूक लागण्याचं. रिकाम्या पोटी आलेलं पोर चिडकं असतं, मग आपण म्हणतो शिस्त नाही. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, चुरमुरे, केळं, नाहीतर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी. एवढं पुरतं. पण हे आल्याबरोबर द्यायचं. शेवटी ठेवलं की त्याचं आमिष होतं, आणि पोरांना आमिष लगेच ओळखू येतं. वाटायचं काम त्यांच्याकडेच दे. ती पंधरा मिनिटं तू फक्त त्यांच्यात बसून खा. शाळेत काय झालं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे त्या पंधरा मिनिटांत कळतं. मुद्दाम एखाद्याला बाजूला घेऊन विचारलंस तर काही सांगणार नाही.

आता कामं. सहावी-सातवीच्या पोरांना काहीही चालतं, त्यांना नुसतं धावायला मिळालं तरी पुरे. आठवीत काहीतरी बदलतं. आवाज फुटतो, उंची वाढते, आणि लहान पोरांत उभं राहायची लाज वाटू लागते. तेव्हाच मोठी माणसं त्यांना सगळ्यात जास्त 'गप्प बस' म्हणतात. घरी ही पोरं अर्धी कमावती असतात, शाळेत मात्र बाकावरचं एक नाव. म्हणून आठवीच्या वर गेलेल्या प्रत्येकाकडे एक खरं काम हवं. कुलपाची किल्ली, पाण्याची टाकी, चेंडूचा पंप, पुस्तकांची पेटी, प्रथमोपचाराची पेटी, हजेरी, ट्यूबलाइट. खरं काम म्हणजे ते त्यानं केलं नाही तर दुसरं कोणी गुपचूप करून टाकणार नाही, असं काम. पंप असलेला पोरगा आला नाही तर त्या दिवशी बसलेल्या चेंडूनंच खेळू दे. दुसऱ्या दिवशी त्याचे मित्रच त्याला घरून उचलून आणतील.

एक मुलगा बरेच दिवस आपल्या कठड्यावर बसून शिट्ट्या मारायचा. आत येत नव्हता आणि जातही नव्हता. आठवीत दोन विषयांत मागे, त्यामुळे वही-पेन दिसलं की पळायचा. त्याला आत ये म्हणून आम्ही कोणी म्हटलं नाही. एका संध्याकाळी वर्गातला पंखा घरघरायला लागला, तेव्हा खिडकीतून त्यालाच विचारलं, तुझा मामा मागावर जॉबर आहे ना, हे काय झालं असेल? त्यानं मामाकडून पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर आणला, मोठ्या माणसाला स्टुलाशी उभं करून, मेन स्विच बंद करून पंखा उघडला. पुढे केंद्रातली सगळी दुरुस्ती त्याच्याकडे आली. दुरुस्तीच्या सामानाचा हिशेब ठेवायचा म्हणून गणित, आणि दुकानदाराला यादी द्यायची म्हणून लिहिणं. ज्यातून तो पळत होता तेच त्याच्या कामाच्या मागून आत आलं. तुझ्या कठड्यावरही असं कोणी ना कोणी बसलेलं असेल. त्याला काय येतं ते आधी शोध.

हे काही माझं डोकं नव्हे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हेच करून दाखवलं. आठवी ते दहावीच्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, आरोग्य हातानं काम करून शिकायचं, आणि शिकताना गावाला लागणारी खरी कामं करून द्यायची. खुर्ची बनवायची ती कोणीतरी बसण्यासाठी. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी केलेली वस्तू आणि कोणीतरी वापरणार म्हणून केलेली वस्तू यांत पोरांची नजर बदलते. जमलं तर एकदा पाबळला जाऊन ये, आणि बरोबर दोन मोठी पोरं ने.

वर्षाचे उपक्रम निवडताना मी तीन गोष्टी बघायची. तो सहा-आठ आठवड्यांत संपला पाहिजे. केंद्राबाहेरच्या कुणाला तरी त्याचा उपयोग असला पाहिजे. आणि त्यात बसून ऐकण्यापेक्षा फिरणं, मोजणं, विचारणं, करणं जास्त असलं पाहिजे. वर्षभर लोळत राहणारा उपक्रम या वयात कंटाळा आणतो. संपणं त्यांना फार आवडतं.

पाण्याची वही हा त्यातला माझा सगळ्यात आवडता. प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी नळ किती वाजता आला, किती वेळ राहिला, किती घरांना किती घागरी मिळाल्या, ते लिहायचं. दोन महिन्यांनी भिंतीएवढ्या कागदावर तक्ता. सरासरी काढायला बसले तेव्हा एवढं भांडण झालं की विचारू नकोस. मध्येच आलेला एक भलताच मोठा आकडा धरायचा की सोडायचा, यावर आठवीची पोरं तासभर वाद घालत होती, आणि हे गणित आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग कोणीतरी विचारलं, हे पाणी येतं कुठून? उजनी धरण, भीमा नदी, तिथून शंभराहून अधिक किलोमीटरची पाइपलाइन. नकाशा आला, चढ-उतार आला, पंप आला. शेवटी तो तक्ता पाहून एका गल्लीतल्या बायकांनी आपापसात मोटर लावायच्या पाळ्या नव्यानं लावून घेतल्या. पोरांना कुठलंही बक्षीस मिळालं नाही आणि कोणी मागितलंही नाही. आपल्या तक्त्यामुळे आयांनी पाळ्या बदलल्या, याचीच चर्चा कितीतरी दिवस चालली होती.

भित्तिपत्रकही चालू ठेव. आपल्याकडे घरात तेलुगू, शाळेत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड आणि उर्दू. बऱ्याच पोरांना तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. एक कोपरा तेलुगूसाठी ठेवला की त्यांना आजोबांकडे जावं लागतं. मागावर आयुष्य काढलेला तो म्हातारा चष्मा शोधतो आणि नातवाला अक्षर काढून देतो. महिन्यातून एकदा ते आजोबा स्वतः येऊन भिंतीवरचं वाचून जातात आणि चुका काढतात. त्यांना खुर्ची द्यायला विसरू नकोस.

इतिहासाचं एक काम आठवीच्या वरच्यांसाठी राखून ठेव. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर या शहरात गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे उरला नव्हता, आणि मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. ही चार नावं पोरांनी पुतळ्याखाली वाचलेली असतात, पण आपण ज्या रस्त्यावरून शाळेत जातो तिथेच हे घडलं हे मनात उतरलेलं नसतं. म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांच्या आई-वडिलांनी काय सांगितलं होतं ते ऐकायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, पुस्तकातल्या माहितीशी ताडून बघायचं. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही. मोबाइल काढून घ्यायचा की नाही, हा प्रश्न तुला पहिल्याच आठवड्यात पडेल. माझा अनुभव असा की मोबाइललाच काम दिलं की भांडण निम्मं होतं. खेळाच्या वेळी मात्र सगळे फोन टोपलीत, तुझाही.

या रेकॉर्डिंगवरून पोरांनी नाटक केलं, तर ते त्यांनाच लिहू दे. पुण्यात मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये ग्रिप्सची नाट्यचळवळ आणली. त्या नाटकांमध्ये राजा-राणी, परी यांच्याऐवजी पोरांचे रोजचे प्रश्न असतात, मोठ्यांचं चुकतं ते स्पष्ट बोललेलं असतं. आपल्या पोरांच्या नाटकात कुणाचा बाप पिऊन येत असेल तर तो येऊ दे. फक्त ज्याच्या घरची गोष्ट आहे त्याला आधी एकट्यात विचार, आणि तो नको म्हणाला तर दुसरं काही बोलायच्या आत विषय काढून टाक.

आता वार्षिक कार्यक्रमाबद्दल बोलते, आणि याबाबत मी हट्टी आहे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही: मुलांना हवं तसं वापरून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं विचारणं. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम या तीन पायऱ्यांवरच संपतात. पाहुण्यांच्या स्वागताला मुली नटवून रांगेत उभ्या, उन्हात तास-तास, हातात फुलं. हे करू नकोस. देणगीदार रागावले तरी चालतील. पाहुण्यांना पोरांनी पाण्याची वही दाखवावी, प्रश्न विचारावेत, पाहुण्यांनी खाली सतरंजीवर बसून उत्तरं द्यावीत. भाषण करणारा पाहुणा येणार असेल तर त्याला आधीच दहा मिनिटं सांगून ठेव.

शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा दुपारी पोरांची बैठक घे. पुढच्या आठवड्यात काय करायचं ते तिथे ठरतं. महिन्याला थोडे पैसे पूर्णपणे त्यांच्या हातात दे, खर्चाचा हिशेब भिंतीवर लागला पाहिजे एवढीच अट. एका वर्षी त्यांनी स्वस्तातला कॅरम घेतला. त्यावर सोंगट्या अडकायच्या. नवीन घेऊन देऊ का, असं एका देणगीदारानं विचारलं, पण पोरांनीच नको म्हणून सांगितलं आणि महिनाभर पावडर टाकून टाकून तोच खेळले. पुढची खरेदी करताना तिघं दुकानात जाऊन प्रत्येक बोर्डावर स्ट्रायकर मारून बघत होती. त्यांनी ठरवलेलं तू बदलू नकोस. बदलणार असशील तर विचारूच नकोस. ज्या गोष्टी तूच ठरवणार, म्हणजे सुरक्षितता, घरी जायची वेळ, मारामारी, त्या पहिल्या दिवशी सांगून टाक आणि त्यावर मतदान घेऊ नकोस.

मुलींसाठी वेगळं आणि जास्त काम करावं लागेल. मुलगा आला तर घरी कोणी विचारत नाही, मुलगी आली तर सगळी गल्ली विचारते. तेव्हा आधी आईकडे जा. तिच्या मांडीवर सूप असेल, हात विड्या वळत असतील, ते थांबवायला लावू नकोस. शेजारी बसून बोल. मुलगी काय करते, कुणाबरोबर येते, किती वाजता परत येते, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचं असतं. मुलीनं पानं कातरायची की केंद्रात यायचं, असा पेच आईसमोर टाकू नकोस, त्यात मुलगीच हरते. आठवड्यातले कुठले तीन दिवस सोडता येतील, असं विचार. तीन दिवस नक्की मिळाले तर पुष्कळ झाले. विडीचं काम मात्र केंद्रात आणू द्यायचं नाही, तंबाखूची धूळ तिथे नको.

डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो. तेव्हा थंडीत मुलींची वेळ अर्धा तास अलीकडे घे आणि साडेसातला त्यांना गल्लीवार गटानं घरी पाठव. प्रत्येक गटात एक मोठी मुलगी, आणि घरी पोचल्याचा निरोप तुझ्या फोनवर. संडासाला आतून कडी हवी, बादली हवी, दिवा हवा. हे नसेल तर पाळीच्या दिवसांत मुली येणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत. पॅडचा डबा संडासातच ठेव. तुझ्या कपाटात ठेवलास तर मागायला कोणी येणार नाही.

मैदानाचं तर लिहूनच ठेव: आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींचं. मुलांना एरवी कोपऱ्यातली जागा देऊन बघ, दहा मिनिटांत सगळं मैदान त्यांचं होतं, यात त्यांचा दुष्टपणा नसतो, सवय असते. त्या दोन दिवसांत खो-खो घे. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा, बाकी काही लागत नाही. नऊ जणी मैदानावर उतरतात, त्यातल्या आठ एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि उठायचं कधी ते दुसरीच्या हाकेवर असतं. लाजरी मुलगी एवढ्या मोठ्यानं 'खो' म्हणते की आपण बघत राहतो. मुलांना त्या वेळी आत बसवून कांदे चिरायला, पोहे भिजवायला लाव. त्यांना आवडतं, खरंच.

नववी-दहावीतली एखादी मुलगी अचानक यायची थांबली, मैत्रिणी नजर चुकवू लागल्या, घरी पाहुणे येऊन गेल्याचं कळलं, तर दोन दिवसही थांबू नकोस. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो. आधी आईशी बोल, शाळेतल्या बाईंना बरोबर घे, पण वेळ दवडू नकोस. हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात असू दे, आणि पोरांना तो तोंडपाठ असू दे.

याच्याशीच जोडून मोठ्यांबद्दल. केंद्रात येणारा प्रत्येक मोठा माणूस, कितीही चांगला असो, एका पोराबरोबर बंद खोलीत एकटा असणार नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात अत्याचाराची माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. हे नव्या स्वयंसेवकाला चहा देण्याआधी सांगायचं. ज्याला राग येईल तो आपल्या कामाचा नाही.

स्वयंसेवक घेताना हुशारीपेक्षा नेम बघ. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, पूर्ण वर्षभर, एवढंच वचन माग. एकदा येऊन झकास कार्यशाळा घेऊन जाणारे पुष्कळ भेटतील, पण पोरं जीव लावतात आणि माणूस परत येत नाही, हे त्यांच्या घरी आधीच खूप झालेलं असतं. वयानं चार-पाच वर्षांनी मोठी असलेली ताई-दादा मंडळी सगळ्यात चांगली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत संध्याकाळची दलं अशाच तरुण ताई-दादांनी चालवलेली आहेत. या वयाच्या पोराला आईवडिलांसारखं व्हायचं नसतं, चार वर्षांनी मोठ्या दादासारखं व्हायचं असतं. दादा पुस्तक वाचत असेल तर पोरगा वाचतो. दादा गुटखा खात असेल तर तेही लगेच उचलतो, म्हणून त्या बाबतीत सूट देऊ नकोस.

अभ्यासाचा आग्रह पालकांकडून होईल. केंद्राची शिकवणी करू नकोस. पण चांगला उजेड असलेली एक शांत खोली रोज उघडी ठेव, कारण अनेकांच्या घरी एकच खोली आणि तिथे टीव्ही, माग, स्वयंपाक, पाहुणे. तिथे शिकवायला कोणी नको, अडलं तर विचारायला एक जण बसलेला हवा. आठवीतल्यांना एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेची आठवण दे. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि अर्ज शाळेतूनच भरला जातो, त्यामुळे मुदत चुकवायची नाही. चित्र काढणाऱ्यांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसव, दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याच्या डोक्यात काही यंत्राची कल्पना असेल त्याचं नाव इन्स्पायर-मानकसाठी शाळेला सुचव, निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये येतात. पाण्याच्या वहीतून अशा कल्पना सहज निघतात.

हजेरीच्या आकड्यावर आपलं काम मोजू नकोस. त्यापेक्षा कोण गेलं ते बघ. तीन दिवस कोणी दिसलं नाही तर त्याच्या घरी जायचं, पण आधी तू नाही. त्याच्याच वयाचा एक जण पाठव, 'तुझं काम अडलंय' असा निरोप घेऊन. तू गेलीस तर घरच्यांना वाटतं पोरानं काहीतरी केलं.

मे महिन्यात केंद्र बंद करायची पद्धत आहे, ती मोड. पारा चाळीसच्या वर जातो हे खरं, म्हणून वेळ सकाळी सात ते नऊ कर. दहावीची परीक्षा देऊन बसलेली पोरं तेव्हा सगळ्यात मोकळी असतात आणि सगळ्यात हरवलेली. त्यांना दाखल्यांच्या कामाला लाव. अकरावी, आयटीआय, डिप्लोमा, कुठेही जायचं तर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर लागतात. आपल्याकडची बहुतेक पद्मशाली घरं विशेष मागास प्रवर्गात येतात, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा, आणि काहींचा जन्म तेलंगणातला, तर तिकडची कागदपत्रं. हे शोधायला महिने जातात, आणि निकाल लागल्यावर सुरुवात केली की प्रवेश हातचा जातो. म्हणून नववीच्या उन्हाळ्यातच सुरुवात. दहावी झालेल्या दोघांनी नववीतल्या चौघांना बरोबर घेऊन सेवा केंद्रात जायचं, रांगेत उभं राहायचं, अर्ज भरायचा, पावती जपून ठेवायची. तू बरोबर जाऊ नकोस. अडलं तर फोन करतील. प्रत्येकाची एक प्लास्टिकची फाइल, वर नाव, आत झेरॉक्सचे दोन-दोन संच, आणि मूळ कागद घरी आईकडे. मागच्या वर्षीच्या फाइली कपाटाच्या खालच्या फळीवर आहेत. त्यातल्या तिघांचे जातीचे दाखले अजून यायचे आहेत, ते आधी बघ.